जुनी आवृत्ती किती दिवस टिकते?

फाइल बदलून सेव्ह केली, तर क्लाउडवरची आधीची फाइल कुठे जाते? मला हे हात पोळल्यावर कळलं.

आमच्या मंडळाच्या वर्गणीच्या एक्सेल फाइलमध्ये मी फक्त नावांचा रकाना अकारविल्हे लावला. रकमा जागच्या जागीच राहिल्या. तसंच सेव्ह केलं. चूक उघड झाली दोन महिन्यांनी, हिशेब तपासताना. क्लाउडवर फाइल होती, पण चुकलेलीच! चांगली आवृत्ती केव्हाच पुसली गेली होती. मग काय, पावतीपुस्तकं काढून रात्रभर बसलो.

गूगल ड्राइव्हवर चढवलेल्या एक्सेल किंवा पीडीएफ फाइलची जुनी आवृत्ती साधारण ३० दिवस राहते, किंवा १०० आवृत्त्या जमेपर्यंत. ड्रॉपबॉक्सच्या मोफत खात्यातही ३० दिवसच. वनड्राइव्हचं वैयक्तिक खातं शेवटच्या २५ आवृत्त्या ठेवतं. रोज हाताळायची फाइल असेल, तर २५ संपायला वेळ लागत नाही.

म्हणून स्वतःला विचारा, तुमची चूक किती दिवसांनी लक्षात येते? फोटोची दुसऱ्या दिवशी येईल. हिशेबाची कधीकधी ऑडिटलाच येते.

ड्राइव्हमध्ये 'मॅनेज व्हर्जन्स' उघडलं, की आवृत्तीसमोरच्या तीन ठिपक्यांत 'कीप फॉरएव्हर' सापडतं. महिन्याचा हिशेब जुळला की मी त्याच दिवशी ते दाबतो. शिवाय मार्चअखेरची प्रत वेगळ्या नावाने ठेवतो, म्हणजे चालू फाइलमधला गोंधळ तिच्यापर्यंत पोचत नाही.