बीसीएल११ए : गर्भातलं हिमोग्लोबिन बंद करणारं प्रथिन

आपल्या अस्थिमज्जेत दर सेकंदाला सुमारे २० लाख तांबड्या पेशी तयार होतात. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेटही तिथल्याच, त्याच स्टेम सेलपासून. कोणत्या पेशीने काय व्हायचं, हे ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर ठरवतात. ही प्रथिनं डीएनएवरची ठरावीक अक्षरं ओळखून तिथे बसतात आणि जनुकं चालू किंवा बंद करतात. उदाहरणार्थ, गाटा१ या फॅक्टरचा जोर असला की पेशी तांबडी होऊ लागते, पीयू१चा असला की पांढरी. शिवाय दोघं एकमेकांना चिकटून एकमेकांचं काम अडवतात.

यांतलं मला सर्वांत विलक्षण वाटतं ते बीसीएल११ए. पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं. जन्मानंतर काही महिन्यांत ते जवळपास बंद होऊन प्रौढ हिमोग्लोबिन सुरू होतं. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारातला दोष या प्रौढ हिमोग्लोबिनमध्ये असतो, त्यामुळे आजार असलेलं मूलही पहिले काही महिने ठणठणीत दिसतं. गर्भातलं हिमोग्लोबिन बंद करणारं मुख्य प्रथिन बीसीएल११ए आहे, हे बोस्टनमध्ये विजय शंकरन आणि स्टुअर्ट ऑर्किन यांनी २००८ मध्ये दाखवलं.

मग बीसीएल११ए काढूनच का टाकू नये? कारण हेच प्रथिन प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशींनाही लागतं. ते नसलेल्या उंदरांत बी पेशी तयारच होत नाहीत. मेंदूच्या वाढीतही त्याचा वाटा आहे.

वाट सापडली ती २०१३ मध्ये. बीसीएल११एच्या जनुकातच डीएनएचा एक छोटा तुकडा असा आहे, की तो हे जनुक फक्त तांबड्या पेशींच्या वंशात जोरात चालवतो. या तुकड्यात जी-ए-टी-ए ही अक्षरं आहेत आणि गाटा१ नेमका तिथे बसतो. क्रिस्पर या जनुक-संपादन तंत्राची कात्री याच जागी चालवली की गाटा१ला बसायला जागा उरत नाही. तांबड्या पेशींतलं बीसीएल११ए घटतं, गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा तयार होऊ लागतं आणि बी पेशींचं काम मात्र बिनबोभाट चालू राहतं. एवढी नेमकी जागा शोधणं ही या संशोधनाची खरी थोरवी आहे.

या तत्त्वावरच्या ‘कॅसजेव्ही’ उपचाराला २०२३ च्या नोव्हेंबरात ब्रिटनने आणि डिसेंबरात अमेरिकेने मान्यता दिली. रुग्णाच्याच स्टेम सेल काढून, बदलून परत देतात. त्याआधी जड केमोथेरपी घ्यावी लागते. अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर.

विदर्भात, नंदुरबारमध्ये सिकलसेल घरोघरच्या ओळखीचा आहे. तिथल्या रुग्णाला हा उपचार आज परवडणारा नाही. पण गर्भातलं हिमोग्लोबिन वाढवणारी हायड्रॉक्सीयुरियाची साधी गोळी आहे. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, खंड न पडता, आरोग्य केंद्रातच मिळायला हवी. शासनाने आधी एवढं तरी करावं.