पालथें पान

मेंढीकोटाचा डाव जेथें कधींच मांडला गेला नाहीं असें मराठी घर विरळाच. ४ भिडू, ५२ पानें, समोरासमोरच्यांची जोडी आणि दहांच्या ४ पानांसाठीं चाललेली झटापट, एवढीच त्याची सामग्री. बंद हुकुमाचा डाव असला म्हणजे पानें वाटणाऱ्याच्या उजव्या हाताचा भिडू आपल्या १३ पानांतून एक निवडून सर्वांदेखत पालथें ठेवितो. पुढें एखाद्यापाशीं चालू रंगाचें पान नसलें कीं तो हुकूम उघडावयास सांगतो. तोंपर्यंत साऱ्यांचें लक्ष त्या एका पानाभोंवतीं घोटाळत असतें.

आतां हे चौघे एका सतरंजीवर नाहींत असें समजा. एक अंधेरीस, दुसरा बोरिवलीस, तिसरा मुलुंडास, चौथा घाटकोपरास. रात्रीं जेवणें आटोपल्यावर पत्त्यांसाठीं कोण निघणार? दादरास गाडी बदलतांनाच खेळण्याची हौस फिटावयाची! म्हणून डाव मोबाइलवर किंवा संगणकावर मांडला जातो, आणि प्रश्न उभा राहतो : पालथें पान ठेवावयाचें कोठें?

यंत्राला 'पालथें' हा शब्द कळत नाहीं. प्रथम काय झांकावयाचें तें त्याला सांगावें लागतें. पान आहे हें दिसावें, परंतु कोणतें तें कळूं नये, ही एक तऱ्हा; पान आहे हेंच कळूं नये, ही दुसरी. 'व्हॅसल' नांवाचें पटावरील खेळांसाठीं विनामूल्य साधन आहे. त्यांत या दोहोंसाठीं सोंगटीला निरनिराळे गुण जोडतात, एक मुखवट्याचा, दुसरा अदृश्यतेचा. युद्धाच्या पटावर दबा धरून बसलेल्या तुकडीला दुसरा शोभतो. बंद हुकुमाला मात्र मुखवटाच हवा, कारण हुकूम ठेवला गेला हें चौघांनाहि दिसलें पाहिजे.

मग कोणापासून झांकावयाचें? येथें चूक होण्यास पुष्कळ जागा आहे. पान पुन्हा पाहण्याचा अधिकार 'आपल्या बाजूला' दिला, तर जोडीदारहि त्याच बाजूचा असल्यामुळें त्याला हुकूम आयताच कळतो आणि डावाची सारी गंमत जाते. अधिकार बाजूला नव्हे, एका भिडूलाच दिला पाहिजे. उघडण्याची मागणी मात्र, चालू रंग संपला असेल त्या कोणालाहि करतां यावी.

एवढ्यानेंहि काम भागत नाहीं. सर्व पानांची माहिती चारहि यंत्रांत पोंचून केवळ चित्र झांकलेलें असेल, तर तो नुसता पडदा झाला. घरांतला एखादा हुशार भाचा तो सहज बाजूस सारील. त्यापेक्षां पान मधल्या एका यंत्रापाशीं ठेवणें बरें. हेन्री मायकेल टेंपल यानें १८९९ सालीं इंग्लंडांत बुद्धिबळाचा जो आंधळा प्रकार काढला, त्यांत हीच व्यवस्था आहे : प्रत्येकास स्वतःचींच मोहरीं दिसतात व पुरा पट तिसऱ्या पंचापुढें असतो. अर्थात् पंचावर विश्वास पाहिजे.

पंच नको असेल तर काय? शमीर, रिव्हेस्ट व अ‍ॅडलमन या तिघा गणितज्ञांनीं १९७९ सालीं पत्त्यांवांचून व पंचावांचून दूर अंतरावरून पोकर कसें खेळतां येईल हें दाखविलें. त्याच कुळांतली एक साधी युक्ति बंद हुकुमास पुरते. हुकूम ठेवणाऱ्याचें यंत्र पानाच्या नांवाशीं एक लांबलचक गुप्त आंकडा जोडतें आणि दोहोंपासून गणितानें एक मोहोर तयार करून ती इतर तिघांकडे धाडतें. मोहोरेवरून उलट पानाकडे जातां येत नाहीं. हुकूम उघडतांना पान व आंकडा दोन्ही जाहीर होतात. तिघांचीं यंत्रें तोच हिशेब पुन्हा करून मोहोर जुळते कीं नाहीं तें पाहतात. इस्पिक ठेवून मागाहून बदाम म्हणण्याची सोय उरत नाहीं. तो आंकडा वगळून चालणार नाहीं, कारण पानें अवघीं ५२. नुसत्या नांवाची मोहोर असती तर प्रतिपक्षानें एकेका पानाची मोहोर करून क्षणांत हुकूम ओळखला असता.

मात्र अंधेरीकरानें मुलुंडच्या जोडीदारास दुसऱ्या फोनवरून 'इस्पिक' एवढेंच कुजबुजलें, तर मोहोर तिला हात लावूं शकत नाहीं. सतरंजीवर असली भुंवई उडविली कीं आजीच्या नजरेंत ती बरोबर येत असे.