अंडे ताटातून काढा, मुलाला पंगतीतून नको

अंडे हे स्वस्त, सकस आणि झटपट शिजणारे अन्न आहे. ज्या घरात ते चालते, त्या घरात वाढत्या मुलांना ते जरूर द्यावे, असे मी दवाखान्यात येणाऱ्या आईवडिलांना नेहमी सांगतो. परंतु काही मुलांना हेच अंडे सोसत नाही. लहान वयात ज्या पदार्थांची ॲलर्जी आढळते, त्यांत गाईच्या दुधाबरोबर अंड्याचा क्रमांक बराच वर लागतो.

अशा मुलांच्या घरी मला दोन टोके पाहायला मिळतात. काही घरांत 'एवढ्याशाने काय होतंय?' म्हणत घासभर चारले जाते. काही घरांत धसका घेऊन अंड्याबरोबर मासे, कोंबडी, दूध, शेंगदाणे असे सगळेच बंद होते. पहिल्या प्रकारात जिवाला धोका आहे, तर दुसऱ्या प्रकारात मूल कुपोषणाकडे झुकते. मधला मार्ग रोजच्या जेवणात कसा सांभाळायचा, ते आज पाहू.

ॲलर्जी म्हणजे नेमके काय?

आपल्या शरीरात रोगजंतूंशी लढणारी एक संरक्षक यंत्रणा असते. ॲलर्जी असलेल्या मुलाची ही यंत्रणा अंड्यातील प्रथिनांनाच शत्रू समजते. अंडे पोटात गेल्यावर काही मिनिटांत, फार तर एक-दोन तासांत, अंगावर पित्ताच्या गांधी उठतात, ओठ व डोळे सुजतात, उलटी होते, खोकला येतो. क्वचित श्वास कोंडतो आणि मूल मलूल पडते. अंगावर सतत इसब असणाऱ्या बाळांमध्ये ही ॲलर्जी अधिक दिसते.

अंडे खाल्ल्यावर दुसऱ्या दिवशी तोंड आले, 'उष्ण पडले', किंवा मुलाला वास आवडला नाही, याला ॲलर्जी म्हणत नाहीत. निदानासाठी काय खाल्ले, किती खाल्ले, किती वेळाने काय झाले, ही हकिकत सर्वांत महत्त्वाची असते. ती कागदावर लिहून डॉक्टरांकडे न्या. गरज वाटल्यास ते त्वचेची किंवा रक्ताची तपासणी सांगतील. मात्र हकिकत नसताना शंभर पदार्थांची रक्ततपासणी करून घेऊ नका. नुसता अहवाल 'पॉझिटिव्ह' आला, तरी मूल तो पदार्थ मजेत पचवत असू शकते.

'पिवळा बलक तेवढा देतो'

ही समजूत फार पसरलेली आहे. ॲलर्जी करणारी बहुतेक प्रथिने पांढऱ्या भागात असतात हे खरे, पण घरात कितीही काळजीपूर्वक वेगळे केले तरी बलकाला पांढरे लागून राहतेच. त्यामुळे बलकही नको. बदकाचे किंवा लाव्याचे अंडेही त्याच जातीचे समजावे. कोंबडीचे मांस मात्र या मुलांना बहुधा सोसते, ते उगाच तोडू नये.

अंडे किती शिजले आहे यानेही फरक पडतो. कच्चे व अर्धकच्चे अंडे सर्वांत त्रासदायक. काही प्रथिने उष्णतेने मोडतात, तर काही टिकून राहतात. म्हणून ऑम्लेटने गांधी उठणारी बरीच मुले ओव्हनमध्ये पूर्ण भाजलेला केक खाऊ शकतात. पण आपले मूल त्यांपैकी आहे की नाही, हा प्रयोग घरी करू नये, तो डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावा. उलट, तुमचे मूल आजवर केक किंवा बिस्किट त्रास न होता खात असेल, तर ते परस्पर बंदही करू नका, आधी विचारा.

स्वयंपाकघरातली शिस्त

घरातील इतरांनी अंडे सोडायलाच हवे असे नाही. मूल फार लहान असेपर्यंत ते घरात न आणणे सोपे जाते, पण आणायचे झाल्यास काही नियम पाळावेत.

१. मुलाचे जेवण आधी रांधून झाकून ठेवावे, अंड्याचा पदार्थ शेवटी करावा.

२. ऑम्लेटचा तवा व उलथने वेगळे ठेवावे. त्याच तव्यावर लगेच मुलाची पोळी किंवा घावन टाकू नये. भांडी साबणाने घासून, भरपूर पाण्याने धुवावीत. नुसते पुसून चालत नाही.

३. भुर्जी खाल्लेल्या हाताने मुलाला भरवू नये, त्याच तोंडाने पापा घेऊ नये. आधी हात-तोंड साबणाने धुवावे.

४. मुलाचे ताट-वाटी ठरलेली असावी. भावंडाच्या ताटातील उष्टा घास देऊ नये. जेवण झाल्यावर खाली सांडलेले लगेच उचलावे, कारण रांगते मूल ते तोंडात घालते.

५. शक्यतो सगळ्यांसाठी एकच बिनअंड्याचा स्वयंपाक करावा. कोपऱ्यात वेगळे बसवलेले मूल लवकर हिरमुसते आणि चोरून खायला शिकते.

बाजारातले लपलेले अंडे

उकडलेले अंडे दिसते, त्याची भीती कमी. केक, पेस्ट्री, मेयोनीज, काही बिस्किटे, गोव्याहून आणलेली बेबिंका यांत ते दिसत नाही. हॉटेलातील कटलेट किंवा चिकन तळण्यापूर्वी अंड्यात बुडवतात. पाव-बनला वरून चकाकी यावी म्हणून काही बेकरीवाले अंड्याचा हात फिरवतात. चायनीजच्या गाडीवर एग फ्राइड राइस आणि व्हेज नूडल्स एकाच कढईत होतात.

बंद पाकिटावर खुणा पाहाव्यात. शाकाहारी पदार्थावर हिरवे वर्तुळ असते. अंडे असलेल्या पदार्थावर मांसाहाराची तपकिरी खूण असते, आता ती त्रिकोणाची आहे. घटकांच्या यादीजवळ ॲलर्जीकारक पदार्थांची सूचनाही छापलेली असते, ती प्रत्येक खरेदीच्या वेळी वाचावी, कारण कृती बदलू शकते. सुट्या मालावर खूण नसते. तेथे विचारावे, आणि उत्तर गुळमुळीत आले तर घेऊ नये.

शाकाहारी कुटुंबांनीही हे लक्षात ठेवावे. घरात कधी अंडे आले नाही, म्हणून मुलाचा पहिला त्रास शेजारच्या वाढदिवसाच्या केकवर उघड झाल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत.

अंड्याऐवजी काय?

एका अंड्यातून साधारण ६ ग्रॅम प्रथिने मिळतात. एक पेला दूध, वाटीभर घट्ट वरण किंवा उसळ, मूठभर शेंगदाणे यांतून जवळपास तेवढीच मिळतात. त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही. वरणभातावर तूप, मुगाचे धिरडे, नाचणीचे सत्त्व, दही, पनीर, आणि चालत असल्यास मासे व चिकन, असा फेर ठेवावा. शेंगदाणे पाच वर्षांखालील मुलांना अख्खे देऊ नयेत, ते घशात अडकतात. कूट करून द्यावे. दर महिन्याला वजन करून पाहावे. वजन वाढत असेल तर ताट बरोबर आहे असे समजा.

आजी, आत्या आणि शाळा

एका आजीबाई मला म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, थोडं थोडं दिलं की सवय होईल की पोराला!" मी म्हणालो, "आजी, तुमचं म्हणणं अगदीच चूक नाही. मोठ्या केंद्रांत तज्ज्ञ मंडळी मोजूनमापून तसंच देतात, पण शेजारी इंजेक्शन भरून ठेवून. आपल्या चुलीपुढे ते जमायचं नाही." आजींना ते पटले. रागावून नव्हे, कारण समजावून सांगितले की घरातील वडीलधारी माणसे सर्वांत चांगली राखण करतात.

अंगणवाडीताई व वर्गशिक्षक यांना चिठ्ठी लिहून द्यावी. राज्य सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडे देण्याचा निर्णय घेतला, त्याचा निधी जानेवारी २०२५ मध्ये थांबवला. तरीही लोकसहभागातून किंवा वाढदिवसानिमित्त शाळेत अंडे-केक येऊ शकतो. त्या दिवशी आपल्या मुलाला केळे मिळेल, एवढी व्यवस्था आधीच ठरवून ठेवावी.

त्रास झालाच तर

नुसत्या चार गांधी उठल्या असतील, तर खाणे थांबवा, तोंड-हात धुवा, डॉक्टरांनी आधी सांगून ठेवलेले ॲलर्जीचे औषध द्या आणि काही तास मुलावर नजर ठेवा. मीठपाणी पाजून उलटी काढू नका.

मात्र आवाज घोगरा होणे, सारखा खोकला, छातीत घरघर, जीभ सुजणे, गांधींबरोबर वारंवार उलट्या, चेहरा पांढराफटक पडणे किंवा मूल गळून जाणे, यांपैकी काहीही दिसले तर क्षणही दवडू नका. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा किंवा जवळच्या रुग्णालयात न्या. मुलाला आडवे ठेवा, चालवू नका. धाप लागली असेल तर मांडीवर बसवा. यावर खरे औषध म्हणजे मांडीच्या स्नायूत दिलेले ॲड्रेनलिनचे इंजेक्शन. ॲलर्जीच्या गोळीने वा सिरपने ही वेळ निभावत नाही, म्हणून त्याची वाट पाहत बसू नये. बरे वाटल्यावरही काही तास रुग्णालयात थांबावे, कारण त्रास पुन्हा उलटू शकतो. ज्या मुलाला दमाही आहे, त्याच्या बाबतीत विशेष सावध राहावे.

लस चुकवू नका

अंड्याच्या ॲलर्जीचे नाव निघाले की काही पालक गोवराची लस टाळतात. हे धोक्याचे आहे. गोवर-रुबेलाची लस या मुलांना सुरक्षितपणे देता येते, फ्लूचीही देता येते. पीतज्वराची लस परदेशी जाण्यासाठी लागली, तर मात्र आधी डॉक्टरांना सांगावे. २०२२ मध्ये मुंबई आणि मालेगावात गोवराची साथ आली, तेव्हा लस न घेतलेल्या मुलांचे काय हाल झाले, हे विसरून चालणार नाही.

शेवटी एक दिलासा. ही ॲलर्जी बहुतेक मुलांची वाढत्या वयाबरोबर जाते, काहींची शाळेत जाईपर्यंत, काहींची त्यानंतर. म्हणून वर्षातून एकदा डॉक्टरांना दाखवून अंडे पुन्हा सुरू करता येईल का, ते विचारावे. ॲलर्जी गेली असतानाही वर्षानुवर्षे पथ्य चालू ठेवलेली मुले मी पाहतो. त्यांच्या ताटात अंडे परत यायला हरकत नसते, कोणी विचारलेलेच नसते.