पित्ताची गोळी : एकाच घरातली दोन उत्तरे

वस्तीत घरोघरी फिरून माहिती भरताना मी एक प्रश्न नेहमी विचारते. "मावशी, रोज कोणती गोळी चालू आहे का?" उत्तर येते, "नाही बाई, कसलीच नाही." मग मी विचारते, "पित्ताची?" त्यावर मावशी हसतात. "ती काय औषध आहे का? ती तर रोजचीच."

हे उत्तर मी इतक्या वेळा ऐकले आहे की आता मला त्याची काळजी वाटते. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल, राबेप्राझोल ही नावे आज आपल्या घराघरात चहापत्तीइतकी ओळखीची झाली आहेत. रात्रपाळीचा वॉचमन, सफाई कामगार, रिक्षाचालक, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा मुलगा, दिवसभर सभा-मोर्चात फिरून रात्री ११ वाजता वडापाववर जेवण उरकणारा कार्यकर्ता, सगळ्यांच्या खिशात ती पट्टी असते. दुसरीकडे मोबाईलवर संदेश फिरतात की या गोळीने किडनी जाते, हाडे ठिसूळ होतात, स्मरणशक्ती जाते. मग माणूस घाबरून एका दिवसात गोळी बंद करतो.

मी स्वतः ही चूक केली आहे आणि ती माझ्या आईला भोवली. म्हणून हा लेख.

जळजळ होते म्हणजे नेमके काय होते?

आपल्या जठरात तीव्र आम्ल तयार होते. अन्न पचवायला आणि अन्नाबरोबर पोटात गेलेले जंतू मारायला त्याची गरज असते. जठराच्या आतल्या बाजूला चिकट अस्तर असते, त्यामुळे हे आम्ल जठराला सहसा इजा करत नाही. अन्ननलिकेला मात्र असे अस्तर नाही. या दोहोंच्या मध्ये स्नायूंचे एक कडे असते, ते दारासारखे काम करते. ते सैल पडले किंवा नको त्या वेळी उघडले की आम्ल वर येते. छातीत जळजळ, आंबट ढेकर, घशाशी कडू पाणी, पहाटेचा कोरडा खोकला ही त्याचीच लक्षणे.

म्हणजे बहुतेकांच्या पोटात आम्ल काही फार जास्त तयार होत नसते, ते चुकीच्या जागी पोचत असते. पोटाचा घेर वाढणे, गरोदरपण, भरल्या पोटी आडवे होणे, वाकून ओझे उचलणे, विडी-सिगारेट, तंबाखू, दारू यांनी हे दार अधिक सैल पडते किंवा पोटावरचा दाब वाढतो.

गोळी काय करते?

जठराच्या पेशींमध्ये आम्ल बाहेर टाकणारे सूक्ष्म पंप असतात. पॅन्टोप्राझोलच्या कुळातील गोळ्या हे पंप बंद करतात. या कुळातील पहिले औषध, ओमेप्राझोल, १९८८ साली बाजारात आले आणि त्याने अल्सरच्या उपचाराचे चित्र बदलले. त्याआधी अल्सरसाठी पोटाची मोठी शस्त्रक्रिया करावी लागणारे रुग्ण पुष्कळ असत.

जेवण सुरू झाले की हे पंप कामाला लागतात आणि गोळी फक्त कामाला लागलेल्या पंपांवरच चालते. म्हणून ती जेवणाच्या ३० ते ६० मिनिटे आधी घ्यायची असते. आपल्याकडे अनेक जण ती जेवणानंतर किंवा झोपताना घेतात. मग गुण येत नाही आणि एकाच्या दोन गोळ्या होतात. शिवाय ही गोळी इनोसारखी लगेच काम करत नाही. पूर्ण परिणामाला तीन-चार दिवस लागतात.

साध्या जळजळीसाठी डॉक्टर साधारण ४ ते ८ आठवड्यांचा कोर्स देतात. त्यानंतर ती चालू ठेवायची का, हे पुन्हा तपासून ठरवायचे असते. खरी अडचण इथेच आहे. चिठ्ठी एकदा मिळते आणि मग मेडिकलवाला वर्षानुवर्षे पट्टी देत राहतो. कायद्याने ही औषधे शेड्यूल एचमध्ये, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकण्याच्या यादीत आहेत. प्रत्यक्षात काय चालते, ते आपण सगळे जाणतो.

नावाच्या शेवटी 'डी' असलेल्या कॅप्सूलबद्दलही सांगायला हवे. त्या 'डी'चा अर्थ सहसा डोमपेरिडोन, म्हणजे मळमळ-उलटीचे औषध. त्यामुळे काही जणांच्या हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते. म्हणून युरोपच्या औषध नियामकाने २०१४ साली ते फक्त मळमळ-उलटीसाठी आणि साधारणपणे एका आठवड्यापेक्षा जास्त वापरू नये, असे सांगितले. आपल्याकडे तीच कॅप्सूल लोक वर्षभर घेतात. जळजळ आहे पण मळमळ नाही, तर 'डी' कशासाठी, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

भीतीत तथ्य किती?

बरीच वर्षे रोज घेतल्यास काही गोष्टींकडे लक्ष द्यावे लागते. बी-१२ आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकते. मांसाहार क्वचित करणाऱ्यांमध्ये बी-१२ आधीच कमी असते, हे लक्षात घ्या. आम्ल कमी झाल्याने जंतू मरत नाहीत आणि जुलाबाचे संसर्ग थोडे वाढतात. किडनीला अचानक सूज येण्याचा धोका खरा आहे, पण तो दुर्मीळ आहे. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१० मध्ये हाडांच्या फ्रॅक्चरबद्दल, २०११ मध्ये मॅग्नेशियमबद्दल आणि २०१२ मध्ये एका गंभीर प्रकारच्या जुलाबाबद्दल इशारे दिले.

मग किडनी कायमची निकामी होणे आणि स्मृतिभ्रंश यांचे काय? इथे समाजशास्त्राच्या वर्गात शिकलेली एक गोष्ट कामी येते. दोन गोष्टी बरोबर आढळल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली, असे होत नाही. ही गोळी वर्षानुवर्षे घेणारे लोक मुळातच वयस्क असतात, त्यांना मधुमेह, बीपी असते, ते इतर दहा औषधे घेत असतात. त्यांच्यात किडनीचे आजार जास्त दिसले, तर दोष गोळीचा की आधीच्या आजारांचा, हे नुसत्या नोंदी पाहून सांगता येत नाही.

हे तपासण्यासाठी हृदय व रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्या सुमारे १७,६०० रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे करून निम्म्यांना पॅन्टोप्राझोल आणि निम्म्यांना औषध नसलेली गोळी देण्यात आली. सुमारे तीन वर्षांनंतर, म्हणजे २०१९ मध्ये, निकाल प्रसिद्ध झाला. किडनीचे आजार, फ्रॅक्चर, न्यूमोनिया, स्मृतिभ्रंश यांत ठळक फरक आढळला नाही. फक्त आतड्यांचे संसर्ग थोडे जास्त होते : १ टक्क्याऐवजी १.४ टक्के. तीन वर्षांची चाचणी पंधरा वर्षांबद्दल सगळे सांगत नाही, हेही खरे. पण मोबाईलवरच्या संदेशांत रंगवतात तेवढे हे औषध घातक नाही. गरज असेल तर घ्यावे, गरज संपली की थांबवावे, एवढाच याचा अर्थ.

आईच्या बाबतीत काय झाले

आई साठी ओलांडलेली. आयुष्यभर धुणीभांडी केली, गुडघे गेले. गुडघ्यांसाठी ती रोज वेदनाशामक गोळी घ्यायची आणि सोबत पित्ताची. किडनीबद्दलचा एक संदेश वाचून मी घाबरले आणि पित्ताची पट्टी केराच्या टोपलीत टाकली. वेदनाशामक मात्र चालूच राहिले. त्याकडे माझे लक्षच गेले नाही.

तिसऱ्या आठवड्यात आईला चालताना धाप लागू लागली. शौचाला डांबरासारखे काळे होत होते, पण लाजेपोटी तिने सांगितले नाही. एका सकाळी ती मोरीतच कोसळली. दुर्बिणीच्या तपासणीत जठरात अल्सर दिसला, त्यातून रक्त जात होते. दोन पिशव्या रक्त चढवावे लागले. जठरात हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचे जंतूही सापडले. त्यासाठी १४ दिवस अँटिबायोटिक्स दिली. या जंतूमुळे अल्सर होतो, हे बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी दाखवले. त्यांना २००५ साली नोबेल मिळाले.

डॉक्टर मला म्हणाल्या, "गोळी बंद करायला हरकत नव्हती ताई. पण आधी वेदनाशामक बंद करायला हवे होते. तुम्ही छत्री फेकली आणि आईला पावसातच उभे ठेवले."

आईसाठी ती गोळी जठराचे संरक्षण होती. रोज वेदनाशामक किंवा हृदयासाठी अॅस्पिरिन घेणारे वयस्क लोक, पूर्वी अल्सरमधून रक्तस्राव झालेले, अन्ननलिकेला खोल जखमा असलेले आणि ज्यांना दुर्बिणीने 'बॅरेट' नावाचा बदल आढळला आहे, असे रुग्ण या सगळ्यांनी ही गोळी स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नये.

माझ्या बाबतीत काय झाले

मीही तीन वर्षे रोज गोळी घेत होते. मला अल्सर नव्हता, वेदनाशामक चालू नव्हते. नोकरीच्या धावपळीत एकदा जळजळ झाली होती, तेव्हा सुरू झालेली गोळी थांबलीच नव्हती. आईच्या प्रसंगानंतर त्याच डॉक्टरांच्या सल्ल्याने मी ती सोडली.

सोडताना पहिले दहा-बारा दिवस जळजळ आधीपेक्षा जास्त झाली. वाटले, गोळीशिवाय आपले चालणारच नाही. पण हे अपेक्षितच असते. पंप बरेच दिवस बंद ठेवले की शरीर आम्ल वाढवण्याची जय्यत तयारी करून बसते आणि गोळी थांबताच ते उसळते. डेन्मार्कमध्ये पोटाची काहीही तक्रार नसलेल्या १२० निरोगी लोकांवर प्रयोग झाला. आठ आठवडे गोळी घेऊन थांबवल्यावर ४४ टक्के लोकांना पित्ताचा त्रास झाला. औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण १५ टक्के होते. म्हणजे थांबवल्यावर होणारी जळजळ हा मूळ आजार परतल्याचा पुरावा असतोच असे नाही. काही आठवडे धीर धरावा लागतो.

मी दोन आठवडे एक दिवसाआड गोळी घेतली, मग थांबवली. मधल्या काळात जळजळ झाली की आम्ल शमवणारे पातळ औषध किंवा फॅमोटिडीन, तेही डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे. जुन्या ओळखीचे रॅनिटिडीन २०२२ मध्ये भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतून काढले आहे, ते स्वतःहून घेऊ नका. सोड्याची पावडर वारंवार घेणे बीपीच्या रुग्णांसाठी बरे नाही, कारण त्यात सोडियम असते.

गोळीशिवाय काय करता येते?

- रात्रीचे जेवण आणि झोप यांत किमान २-३ तासांचे अंतर. रात्री उशिरा परतलात तर पोटभर न जेवता थोडे खाऊन झोपा.
- डोक्याकडची बाजू वीतभर उंच करा. खाट असेल तर डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवा. जमिनीवर झोपत असाल तर कमरेपासून वर गोधड्यांची उतरती घडी घाला. नुसत्या दोन उशा घेतल्या तर पोट दुमडते आणि त्रास वाढतो.
- डाव्या कुशीवर झोपा.
- वजन जास्त असेल तर ते कमी करणे हा सर्वांत खात्रीचा उपाय.
- तंबाखू, मिसरी, विडी, दारू सोडा.
- ज्याने त्रास होतो तेच टाळा. कुणाला तिखट, कुणाला तळलेले, कुणाला उपाशीपोटी चहा बाधतो. सगळेच बंद करायची गरज नाही. दुधाने क्षणभर बरे वाटते, नंतर आम्ल पुन्हा वाढू शकते.

या लक्षणांना थांबू नका

घास अडकणे, विनाकारण वजन घटणे, रक्ताची उलटी, काळी शौच, रक्त कमी होणे, सतत उलट्या, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास, यांपैकी काहीही असेल तर दुर्बिणीची तपासणी हवी. आणि छातीत दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ असेल तर "गॅस झाला" म्हणून गोळी गिळत बसू नका. थेट दवाखाना गाठा आणि ईसीजी काढा. 'गॅस' समजून घरी थांबलेली माणसे आपण गमावली आहेत.

शेवटी

डबल ड्युटी करणाऱ्याला वेळेवर जेवा म्हणणे सोपे आहे. त्याला जेवणाची सुट्टी मिळत नाही, गुडघे दुखले तरी रजा मिळत नाही. मग एक गोळी दुखण्यासाठी आणि दुसरी त्या गोळीसाठी. न मिळालेल्या विश्रांतीची किंमत तो मेडिकलच्या काउंटरवर भरत असतो. जेवणाची सुट्टी, पगारी रजा आणि सरकारी दवाखान्यात नीट तपासणी हे मुद्दे म्हणूनच आपल्या मागण्यांच्या यादीत हवेत.

तोवर एक काम आज करता येईल. घरातल्या मोठ्यांची औषधांची पिशवी उघडा. प्रत्येक पट्टीसमोर लिहा : कोणी दिली, कशासाठी, किती दिवसांसाठी. तो कागद घेऊन डॉक्टरकडे जा आणि विचारा, यातले काय चालू ठेवायचे, काय थांबवायचे. उत्तर मिळेपर्यंत कोणतीही पट्टी केरात टाकू नका.

आईची पित्ताची गोळी आजही चालू आहे, ती डॉक्टरांनी ठरवली आहे. वेदनाशामक बंद झाले, गुडघ्यांसाठी ती व्यायाम करते. माझी गोळी बंद होऊन दीड वर्ष झाले. एकच घर, एकच गोळी, दोन वेगळी उत्तरे. तुमच्या घराचे उत्तर विचारून घ्या.