अ‍ॅल्युमिनियम कंडेन्सर कॉइलची गळती
एसीच्या बाहेरच्या युनिटमधील कंडेन्सर कॉइल अनेक यंत्रांत तांब्याऐवजी अ‍ॅल्युमिनियमची असते. किनारपट्टीची खारी हवा, सततची थरथर आणि तांबे-अ‍ॅल्युमिनियमच्या सांध्यावर ओलाव्यामुळे होणारे क्षरण ही गळतीची प्रमुख कारणे. गळतीच्या जागी बहुधा तेलकट डाग दिसतो.

दुरुस्तीपूर्वी उरलेला गॅस रिकव्हरी यंत्राने काढून घेतात. आर-३२ हा शीतक गॅस सौम्य ज्वलनशील असल्याने ही खबरदारी अत्यावश्यक ठरते. मग कोरडा नायट्रोजन भरून साबणाच्या फेसाने छिद्र शोधतात आणि दाब सोडून देतात.

खरी अडचण जोडकामात येते. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते, पण त्यावरचा ऑक्साइडचा थर २,००० अंशांच्या पुढेच वितळतो. शिवाय तापताना धातूचा रंग फारसा बदलत नाही. त्यामुळे नळी अचानक ढासळते. म्हणून स्टेनलेस स्टीलच्या ब्रशने थर घासतात, फ्लक्स लावतात आणि कमी तापमानाला वितळणाऱ्या जस्त-अ‍ॅल्युमिनियमच्या सळईने छिद्र बुजवतात. इपॉक्सीचा लेप हा तात्पुरता उपाय.

नंतर पुन्हा दाबचाचणी घेऊन, व्हॅक्यूम करून, गॅस वजनाने मोजून भरतात. कॉइल अनेक ठिकाणी झिजली असेल, तर ती बदलणेच योग्य.