शनिवारी रात्री साडेदहा: नवा गेम, जुने मित्र आणि माझा घोळ

नेहमीप्रमाणे, ज्यांना पाऊण तास ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी ही लिहिलेली आवृत्ती. बोलताना जिथे जिथे मी तीनतीनदा 'म्हणजे' म्हणालो ते काढून टाकलंय, बाकी बोलणं बरंचसं तसंच ठेवलंय. रेकॉर्डिंगमध्ये मधेच कुकरची शिट्टी आहे, ती इथे नाही, हा वाचणाऱ्यांचा फायदा.

आजचा विषय साधा आहे. नवा गेम एकट्याने खेळणं आणि नवा गेम जुन्या मित्रांबरोबर खेळणं. वरवर पाहिलं तर एकच गोष्ट, कारण डाउनलोड तोच, कीबोर्ड तोच. पण आतून, अगदी कोडच्या पातळीवरसुद्धा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे मला धंद्याने इंजिनियर असूनही उशिरा कळलं आणि तोपर्यंत एका मित्राने शनिवारी यायचं बंद केलं होतं.

आधी थोडी ओळख करून देतो. आम्ही तिघं. २०१५ साली बी.टेक.ला हॉस्टेलच्या एकाच मजल्यावर आलो. काका, कारण पहिल्या वर्षापासूनच त्याचे केस विरळ. शेठ, कारण वडिलांचं नाशिकला हार्डवेअरचं दुकान. आणि मी. कॉरिडॉरमध्ये एक स्विच, त्याला खोल्याखोल्यांतून आलेल्या केबली, आणि काउंटर-स्ट्राइक १.६ किंवा एज ऑफ एम्पायर्स टू. लाइट गेले की फोनचा हॉटस्पॉट लावून मिनी मिलिशिया. तेव्हा 'पिंग' हा शब्द आम्हाला फक्त नेटवर्किंगच्या प्रॅक्टिकलपुरता माहीत होता. लॅनवर पिंग एकदोन मिलिसेकंद असतो, म्हणजे नसतोच. शेजारच्या खोलीतून शिवी ऐकू आली की कळायचं, आपली गोळी लागली.

आता काका म्युनिकला आहे, शेठ नाशिकला दुकानावर, त्याला दीड वर्षाची मुलगी. मी पुण्यात.

एकट्याचा गेम कसा चालतो

एकट्याने खेळताना दोन गोष्टी पूर्ण तुमच्या मालकीच्या असतात: वेळ आणि माहिती.

वेळेचं सोपं आहे. एस्केप दाबलं की जग थांबतं. दूध उतू जातंय, बॉसचा फोन आलाय (खरा बॉस, ऑफिसातला), काही बिघडत नाही. मधे तीन महिने उघडला नाही तरी गेम रुसत नाही.

माहितीचं जास्त मजेशीर आहे, आणि त्यासाठी मला 'आउटर वाइल्ड्स'चं उदाहरण द्यायला आवडतं. २०१९ चा गेम. एक छोटीशी सूर्यमाला, एक लाकडी यान, आणि दर २२ मिनिटांनी सगळं परत पहिल्यापासून. यात तलवार मोठी होत नाही, लेव्हल वाढत नाही. फेरी संपली की हातात उरतं फक्त तुम्हाला जे कळलं ते, आणि यानातली एक नोंदवही तेवढंच लिहून ठेवते. सगळं माहीत असेल तर हा गेम एका फेरीत संपवता येतो. माहीत नसेल तर वीसपंचवीस तास जातात, आणि तेच तास म्हणजे गेम. म्हणून तो आयुष्यात एकदाच खेळता येतो. मी संपवला तेव्हा रात्रीचे अडीच वाजले होते आणि मला कुणालातरी फोन करावासा वाटला, पण ज्यांनी खेळला नाही त्यांना काय सांगणार? एक वाक्य सांगितलं तरी त्यांचे चार तास चोरल्यासारखं.

हे 'चार तास चोरणं' लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तिघांचा गेम: आधी अंतर

आम्ही परत एकत्र खेळायचं ठरवलं तेव्हा सगळ्यात आधी अर्थातच काउंटर-स्ट्राइक लावून बघितला, आणि वीस मिनिटांत बंद केला. का, ते समजून घेऊ.

पुणे ते म्युनिक सरळ रेषेत साधारण साडेसहा हजार किलोमीटर. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. जाऊन येऊन तेरा हजार किलोमीटर, म्हणजे ६५ मिलिसेकंद. हा निसर्गाचा हिशोब झाला, यात कुठलाही महागडा प्लॅन घेऊन सूट मिळत नाही. आणि केबल काही सरळ रेषेत जात नाही, ती समुद्रातून वळसे घेत, राउटरांच्या नाक्यांवर थांबत जाते. आमचा पिंग दीडशेच्या आसपास यायचा. नेमबाजीच्या गेममध्ये सर्व्हर यावर एक युक्ती करतो. तुम्ही गोळी मारलीत त्या क्षणी तुमच्या स्क्रीनवर समोरचा कुठे दिसत होता, ते तो घड्याळ थोडं मागे नेऊन तपासतो. मारणाऱ्याला न्याय मिळतो, पण मरणाऱ्याला वाटतं, 'मी तर भिंतीमागे गेलो होतो!' काका दर मिनिटाला हेच ओरडत होता.

जुन्या एज ऑफ एम्पायर्सची पद्धत वेगळी. शेकडो सैनिकांची जागा नेटवरून पाठवणं त्या काळच्या मोडेमला झेपणारं नव्हतं, म्हणून फक्त आज्ञा पाठवायच्या आणि प्रत्येक कॉम्प्युटरने पूर्ण लढाई स्वतःची स्वतः चालवायची. सगळे एका तालात. पण मग एकाचं मशीन हळू असेल तर सगळ्यांनाच त्याच्या वेगाने चालावं लागतं. हॉस्टेलमध्ये ते मशीन शेठचं होतं. आम्ही त्याला चार वर्षं ऐकवलं. आता वाटतं, पद्धत काही वाईट नव्हती.

असो. शेवटी आम्ही 'व्हॅलहाइम' घेतला. स्वीडनच्या आयर्न गेट या छोट्या स्टुडिओचा, २ फेब्रुवारी २०२१ ला अर्ली ॲक्सेसमध्ये आलेला. बाजारात जुना झालाय, पण आमच्यासाठी कोरा. व्हायकिंग होऊन झाडं तोडायची, घर बांधायचं, हळूहळू एकेका प्रदेशात शिरायचं: आधी कुरणं, मग काळं जंगल, मग दलदल. झाड तोडायला दीडशे मिलिसेकंद उशीर झाला तरी झाडाला फरक पडत नाही.

त्यात एक आतली गंमत आहे, जी आम्हाला ट्रोलने शिकवली. व्हॅलहाइममध्ये त्या त्या भागातले प्राणी-राक्षस कुणाच्यातरी एकाच्या कॉम्प्युटरवर चालतात, बहुतेक वेळा त्या भागात जो आधी पोचला त्याच्या. म्हणजे काका पुढे धावत गेला की ट्रोल म्युनिकमध्ये 'राहतो', आणि आम्हाला तो उड्या मारत, अडखळत दिसतो. मी पुढे गेलो तर तो पुण्याचा. शेठचं नेट सगळ्यात डळमळीत, म्हणून आम्ही त्याला मागे ठेवायचो. हे मी आत्ता लिहिताना मला जरा लागलं.

जग राहतं कुठे

आता मुद्द्याची गोष्ट. तिघांचं हे जग साठवलेलं कुठे असतं? आमच्या बाबतीत माझ्या पीसीवर, कारण मी होस्ट. मी गेम उघडला तर जग आहे, मी नाही उघडला तर काका आणि शेठसाठी दार बंद. किल्ली माझ्याकडे.

शनिवारी रात्री साडेदहाला भेटायचं ठरलं. म्युनिकला तेव्हा सात वाजलेले असतात, आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडचं घड्याळ मागे गेलं की सहा. सुरुवातीचे काही शनिवार मस्त गेले. जंगलातला मोठा राक्षस, एल्डर, तिघांनी मिळून मारला. शेठ तर बाण संपल्यावर नुसताच त्याच्याभोवती पळत होता.

आणि मग मी मंगळवारी एकट्याने जग उघडलं.

फक्त थोडं लाकूड तोडून ठेवू म्हटलं. बुधवारी छप्पर नीट केलं. पुढच्या आठवड्यात दलदलीत जाऊन आलो. तिथे चिखलात बुडालेली तळघरं असतात, त्यात लोखंड मिळतं. या गेममध्ये धातू पोर्टलमधून नेता येत नाही, जहाजातूनच आणावा लागतो, म्हणून चार रात्री मी एकटा समुद्रातून खेपा घालत होतो. ऑफिसमध्ये त्या वेळी रिलीजची कटकट चालू होती, डोकं शांत व्हायचं. खोटं कशाला बोलू, ते तास छान होते. गुरुवारी दलदलीचा बोनमासही मारला.

शनिवारी दोघं आले तेव्हा मी तीन पेट्या मांडून ठेवल्या होत्या, प्रत्येकावर नावाची पाटी, आत लोखंडी चिलखताचा पूर्ण संच. काका म्हणाला, "अरे वा." शेठने चिलखत घातलं, शेकोटीपाशी थोडा उभा राहिला, सव्वाअकराला म्हणाला, "मुलगी उठली रे," आणि गेला. पुढच्या शनिवारी आला नाही. त्याच्या पुढच्यालाही नाही. मला वाटलं, दुकान, लहान मूल, साहजिक आहे.

शेवटी मीच फोन केला. आधी इकडचंतिकडचं झालं. मग तो म्हणाला, "भावा, आठवडाभर मी गिऱ्हाइकांना पायपाचे साइझ सांगत असतो. शनिवारी दोन तास मिळतात. त्यात तू तयार चिलखत हातात देतोस. मग मी करायचं काय? तुझं घर बघायचं असतं तर पुण्याला आलो असतो ना."

मी गप्प.

इंजिनियरचा उपाय आणि खरा उपाय

मी काय केलं असेल? सर्व्हर उभा केला. समस्या आली की सर्व्हर उभा करायचा, ही आमच्या जमातीची सवय. व्हॅलहाइमचा स्वतंत्र सर्व्हर फुकट मिळतो. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून तो चढवला. इथे भारतात एक अडचण येते. बऱ्याच ब्रॉडबँड कंपन्या शेकडो घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात, त्यामुळे राउटरवर कितीही पोर्ट उघडा, बाहेरून हाक मारली तर ती तुमच्या दारापर्यंत येतच नाही. सर्व्हर क्रॉसप्ले मोडमध्ये चालवला की मधल्या रिलेमधून जोडणी होते आणि हा प्रश्न सुटतो. एक अख्खा रविवार गेला, पण जमलं. आता जग चोवीस तास चालू, तिघांनाही किल्ली.

काका म्हणाला, "छान. म्हणजे आता मीही शेठच्या पुढे जाऊ शकतो."

बरोबर होतं त्याचं. अडचण किल्लीची नव्हतीच. तिघांचे मोकळे तास सारखे नव्हते. ज्याला आठवड्यात दोन तास आहेत तो, ज्याला बारा आहेत त्याच्या जगात कायम पाहुणाच राहणार.

मग आम्ही तीन गोष्टी केल्या. जग नवं घेतलं. पात्रंही नवी, कारण या गेममध्ये पात्र आणि जग वेगवेगळं साठवलं जातं आणि जुनं पात्र सगळं सामान घेऊन नव्या जगात येऊ शकतं. आणि सर्व्हरला वेळ लावली: शनिवारी सव्वादहाला आपोआप चालू, दीडला बंद. चोवीस तास चालावा म्हणून एक रविवार घालवलेला सर्व्हर आता आठवड्यातून सव्वातीन तास चालतो.

बाकीच्या रात्री मी माझे एकट्याचे गेम खेळतो, ज्यांत कुणाचं काही चोरलं जात नाही. तुमच्या गटात शनिवारी कोण येईल याचा भरवसाच नसेल तर 'डीप रॉक गॅलॅक्टिक' बघा. एकेक मोहीम तिथल्या तिथे संपते, आणि माणसं किती त्यावर अवघडपणा बदलतो. दोघंच असाल तर 'इट टेक्स टू'. तो एकट्याने पुढे नेताच येत नाही, दोघं लागतातच, आणि एकाने विकत घेतला तर दुसऱ्याला फुकट खेळता येतो.

एक गोष्ट मात्र राहिली. चिलखत टाकून देता येतं, डोक्यातलं कसं टाकणार? नव्या जगाचा नकाशा वेगळा आहे, पण दलदलीत काय असतं ते मला माहीत आहे. म्हणून मी आता स्वयंपाक बघतो आणि मागे चालतो.

मागच्या शनिवारी आम्ही दलदलीच्या काठाला लागलो. पाऊस. शेठने तळघराचं दार बघितलं आणि विचारलं, "ह्याच्यात काय असतं रे?"

"जाऊन बघ," मी म्हटलं.

"ह्याला सगळं माहितीये, हा नाटक करतोय," काका म्हणाला. पण शेठ तोपर्यंत आत गेला होता. दीड मिनिटाने हेडफोनमध्ये अशी किंकाळी आली की माझी आई स्वयंपाकघरातून बघायला आली. त्याचं सामान आतच पडलं, ते काढायला आम्ही दोघं गेलो, काकाही मेला, आणि या सगळ्यात रात्र झाली. व्हॅलहाइममध्ये रात्र सरायला सगळ्यांनी पलंगावर पडावं लागतं, एकजणही जागा असून चालत नाही. मी आणि काका पडलो. शेठ गायब. मागून रडण्याचा आवाज. पाचेक मिनिटं आम्ही दोघं अंधारात पडून होतो, काका म्युनिकच्या घरभाड्याबद्दल सांगत होता. मग शेठ मुलीला मांडीवर घेऊन परत आला, पलंगावर पडला, आणि तिने कुठलंसं बटण दाबलं. तो परत उठून उभा राहिला.

"थांब, थांब," शेठ म्हणाला, "झोपतो परत."