फुलपाखराचे पुनर्वसन

जयपूर पाहावयास येणारे अनेक पर्यटक तेथून सुमारे शंभर किलोमीटरवरील सरिस्का व्याघ्र प्रकल्पालाही भेट देतात. चोरट्या शिकारीमुळे २००५ पर्यंत येथील वाघ नामशेष झाले होते. २८ जून २००८ रोजी हवाई दलाच्या हेलिकॉप्टरमधून रणथंभोरचा एक नर वाघ येथे आणण्यात आला. नोव्हेंबर २०१० मध्ये विषबाधेने त्याचा मृत्यू झाला. तरीही प्रयत्न चालू राहिले आणि २०२४ पर्यंत येथील वाघांची संख्या चाळिशीपलीकडे गेली.

वाघासाठी एवढा खटाटोप आपणांस पटतो. पण एखाद्या कीटकासाठी? इंग्लंडमध्ये तोही झाला आहे.

'लार्ज ब्लू' हे निळ्या पंखांचे फुलपाखरू तेथून १९७९ मध्ये नाहीसे झाले. छंदिष्ट संग्राहकांपासून त्याचे रक्षण व्हावे म्हणून कुरणांना कुंपण घालण्याचे उपायही झाले होते. परंतु ते व्यर्थ ठरले. खरे कारण जेरेमी थॉमस या शास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात शोधून काढले. या फुलपाखराची अळी आरंभी थाइम या सुगंधी वनस्पतीची फुले खाते. मग ती जमिनीवर उतरते आणि एका विशिष्ट जातीच्या लाल मुंग्या तिला आपलेच पिल्लू समजून वारुळात नेतात. तेथे ती सुमारे दहा महिने मुंग्यांच्याच अळ्या खाऊन वाढते. या मुंग्यांना उबदार जमीन लागते आणि त्यासाठी गवत आखूड असावे लागते. १९५०च्या दशकात साथीच्या रोगाने ससे मेले, गुरांची चराईही घटली. गवत वाढले, मुंग्या गेल्या आणि त्यांच्यामागोमाग फुलपाखरूही गेले. गुरांना रोखणाऱ्या कुंपणांनी तर या हानीत भरच घातली होती!

म्हणून आधी चराई पुन्हा सुरू करून कुरणे पूर्ववत करण्यात आली आणि १९८३ मध्ये स्वीडनहून फुलपाखरांचे बीज आणले गेले. पुढे ग्लॉस्टरशायरमधील रॉडबरो कॉमन या कुरणावर अशीच पाच वर्षे पूर्वतयारी करून २०१९ मध्ये १,१०० अळ्या सोडल्या गेल्या. २०२० च्या उन्हाळ्यात, तब्बल दीडशे वर्षांनंतर, तेथे हे फुलपाखरू पुन्हा बागडले.

बँकेतील खाते एका शाखेतून दुसऱ्या शाखेत वर्ग करता येते. सजीवांचे मात्र तसे नाही. ते मुळात का गेले, हे जाणून ते कारण दूर केले, तरच नव्या जागी त्यांचा संसार फुलतो.